वय विचारणारा खेळ

पहिलं मांजर आंबे झेलत होतं. दुसरं पेरू. तिसऱ्यानं रांबुतान झेलायला घेतले, तेव्हा पाक मार्सुदींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मांजर तेच होतं. तेच नारिंगी, तेच जाडं, डावीकडून उजवीकडे तसंच घसरत जाणारं.

नववीच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या, एकतीस मुलांनी तीन आठवडे खपून बनवलेले खेळ ते तपासत होते. एकोणतीस खेळांत मांजर होतं. ते आलं होतं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून, पान बारावरून. पुस्तिकेत खाली लिहिलं होतं, ‘आता तुमची कल्पना लढवा.’ मुलांनी लढवली होती. फळ बदललं होतं.

"हे काय आहे?" त्यांनी चौथ्या मुलाला विचारलं.

"खेळ आहे, पाक." पुरुषाला मानानं असंच म्हणायचं, पाक; बाईला बू.

"आणि शेजारच्याचं?"

"तोही खेळच आहे, पाक. पण त्याच्या मांजराला फणस आवडतो."

पाक मार्सुदींनी वहीत आकडा टाकला आणि पुढे सरकले. चौपन्न वर्षांचा हा माणूस सुम्बिंग डोंगराच्या पायथ्याच्या या तंबाखूच्या गावात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवत होता. त्यांच्या शिकण्याच्या काळी साठ जणांत चार यंत्रं होती. प्रोग्राम कागदावर लिहायचा, मग ओळीओळीवर बोट फिरवत मनातल्या मनात चालवायचा, आणि चूक उरली नाही अशी खात्री झाली की दहा मिनिटांसाठी यंत्रापुढे बसायचं. बोटाखालून गेलेली ओळ जन्मात विसरत नाही, असं त्यांचं मत. आता वरून फर्मान निघालं होतं की खेळ बनवून घ्या, मुलं हसत हसत शिकतात. काय शिकतात? हसायला शिकतात. ओळीसुद्धा लिहायच्या नाहीत. रंगीत ठोकळे माउसनं ओढायचे आणि एकाला एक चिकटवायचे. बालवाडीतली पोरं हेच करतात, फक्त त्यांना कुणी त्याचा दाखला देत नाही.

हे खूळ शाळेत आणलं होतं पाक यूधानं. नवा मास्तर, वय सव्वीस, दोन दिवसांचं प्रशिक्षण, छातीवर घोषणा छापलेला टीशर्ट. तो दारात उभा राहून एकोणतीस मांजरांकडे अशा मायेनं बघत होता, जणू त्याच्याच घरी पिल्लं झाली आहेत.

"बघा ना पाक, किती रमलीत मुलं!"

"माझी शेळीपण रमते," पाक मार्सुदी म्हणाले. "दोरी सोडली की."

तिसावा खेळ रंग्गाचा. त्यात अवकाशयान होतं, धडाधड गोळ्या, धूर, स्फोट, कानठळ्या बसवणारं संगीत. रंग्गाच्या थोरल्या भावाचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"हा ठोकळा काय करतो रे?"

रंग्गानं स्क्रीनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "तो... मागचा आहे, पाक."

"मागचा म्हणजे?"

"म्हणजे मागे असतो."

"तुझा भाऊ कुठे असतो? मागेच ना?"

वर्ग हसला. रंग्गाही हसला, त्याला टोमणा कळला नव्हता.

शेवटची वेनिंग. वरच्या वाडीतली पोर. पहाटेच्या धुक्यातून ती तासभर उतरून यायची, बूट पिशवीत घालून, म्हणजे शाळेत ते कोरडे राहावेत. तिच्या स्क्रीनवर लाकडी होडीसारखा एक पाट काढलेला होता. दोन्ही काठांनी सात-सात खळगे, दोन टोकांना दोन मोठे. दाकोन. गावातल्या ओसरी-ओसरीवर आया-आज्या खेळतात तो. खळगे म्हणजे शेतं, टोकाची ती कणगी, दाणे म्हणजे चिंचोके. एका शेतातले चिंचोके उचलायचे, पुढे एकेक पेरत जायचं, आपल्या कणगीत एक टाकायचा, आणि शेवटी ज्याची कणगी भरलेली तो जिंकला.

पाटाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

*एक दाणा शेताला,*
*एक शेजारच्या हाताला,*
*एक माझ्या कणगीला,*
*उरेल तो पाखराला.*

"हे कुठल्या पानावरचं?"

"पानावरचं नाही, पाक. आमचे म्बाह म्हणतात." म्हणजे तिचे आजोबा.

खेळानं आधी नाव विचारलं. मग वय विचारलं.

"वय कशाला? स्थळ बघतंय का तुझं यंत्र?"

पुन्हा हशा. वेनिंगचे कान लाल झाले. "विचारावं लागतं, पाक."

त्यांनी चौपन्न लिहिलं. त्याबरोबर यंत्र लग्नघरातल्या यजमानासारखं वाकलं: ‘आपली पायधूळ झाडलीत, गुरुजी, धन्य झालो. पहिला हात आपला असावा.’ पाक मार्सुदी खेळले. खेळले म्हणजे काय, पोरीकडे पाहत, जांभई देत बोट हलवत राहिले. यंत्र समोर आलेले चिंचोके सोडून भलतंच शेत उचलायचं. अठ्ठ्याण्णव चिंचोक्यांपैकी साठ त्यांच्या कणगीत आले, अडतीस यंत्राकडे. यंत्र म्हणालं, ‘आपल्या हाताला यश आहे. मला अजून खूप शिकायचंय.’

"ते तर दिसतंच आहे," पाक मार्सुदी म्हणाले. "यंत्र मठ्ठ आहे तुझं. मांजराला निदान फळ तरी झेलता येतं."

"होय, पाक."

"तीन आठवड्यांत याला नमस्कार करायला शिकवलंस. खेळायला कधी शिकवणार होतीस?"

"होय, पाक," वेनिंग खाली बघत म्हणाली.

आमच्याकडच्या पोरांच्या या ‘होय, पाक’वर फारसं विसंबू नये. त्यात होकार असतो, नकार असतो, कधी कधी तर सगळं दार लोटून घेतलेलं घर असतं. अठ्ठावीस वर्षं ते ऐकून पाक मार्सुदींनी आत डोकावणं सोडलं होतं. त्यांनी वहीत पंचावन्न लिहिले.

दुपारी मुख्याध्यापिका बू राहायूंनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर शनिवारच्या कार्यक्रमाचा फलक पसरला होता. त्यात पाहुण्यांचा फोटो मुलांच्या फोटोपेक्षा चौपट मोठा होता.

"वेनिंगला पंचावन्न? पाक, शनिवारी शिक्षण खात्यातून पाक कुंतारा येतायत. तीन खेळ त्यांच्यापुढे ठेवायचे, ते एक निवडणार. त्या मुलाला शिक्क्याचं पत्र. ते पत्र असलं की शहरातल्या सरकारी तांत्रिक शाळेत जागा मिळते."

"मग रंग्गाला द्या. शहर त्याच्या भावाला जवळ पडेल."

"रंग्गाला कुठेही जागा मिळेल, त्याचे वडील बघतील. वेनिंगचं घर त्या शाळेच्या हद्दीबाहेर, बाकी विषयांत गुण बेताचे. हे पत्र नाही मिळालं तर जुलैपासून ती वखारीत तंबाखूची पानं निवडायला बसेल. तिची आई बसते तशी."

"बू, जागा म्हणजे काही खिरापत नाही. तिचं यंत्र मला हरवू शकलं नाही, आणि मी तर अर्धा झोपेत होतो."

"तिसरा म्हणून तरी ठेवते," बू राहायू म्हणाल्या. "दोन ठेवले तर खुर्च्या मोकळ्या दिसतात."

शाळा सुटल्यावर पाक मार्सुदी शेरे लिहायला बसले. ही त्यांची जुनी खोड. गुण कितीही कमी असोत, शेरा लिहिल्याशिवाय ते वही मिटत नसत, आणि प्रोग्राम उघडून पाहिल्याशिवाय शेरा लिहीत नसत. एकोणतीस मांजरांना एकोणतीस वेगळे अपमान सुचायला तास गेला. रंग्गासाठी त्यांनी लिहिलं, ‘भावास शुभेच्छा.’ मग वेनिंगचा खेळ आतून उघडला.

ठोकळ्यांची माळ स्क्रीनभर लांबली. पहिला अर्धा भाग नुसता आदबीचा. समोरचा लहान असेल तर त्याच्याशी कसं बोलायचं, बरोबरीचा असेल तर कसं, वडीलधारा असेल तर कसं. पाक मार्सुदी मोठ्यानं हसले. एवढी सरबराई तर राजाच्या वाड्यावरही होत नसेल! मग त्यांनी सवयीनं बोट पुढे केलं आणि स्क्रीनवर एकेका ठोकळ्यावर ठेवत खाली उतरू लागले.

बोट एका जागी थांबलं.

तिथे यंत्र आपली सातही शेतं मनातल्या मनात पेरून पाहत होतं. प्रत्येकातून कणगीत किती येईल, पुन्हा हात मिळेल का, समोरच्याचं काय जाईल, सगळं मोजत होतं आणि सातांना चांगल्या-वाईटाच्या क्रमानं लावत होतं. काम नेटकं होतं. नववीच्या पोरीचं नव्हे, कुणाचंही असतं तरी नेटकं. आणि त्याखाली एक जर-तरचा ठोकळा होता. जर खेळणाऱ्याचं वय चाळीसच्या वर असेल, तर सर्वांत चांगलं शेत उचलू नये. तिसरं उचलावं. आणि आपली कणगी पाच दाण्यांहून जास्त पुढे जाऊ लागली, तर सर्वांत वाईट उचलावं.

पाक मार्सुदींनी मान वर केली. खोलीत कुणी नव्हतं. शिपाई बाहेर व्हरांडा झाडत होता.

त्यांनी खेळ पुन्हा सुरू केला. नाव लिहिलं. वयापुढे तेरा.

‘आलास? बस की!’ यंत्र म्हणालं. ‘रडायचं नाही हां, आधीच सांगते.’

सत्तावीस-एकाहत्तर. ते ताठ बसले, बाह्या सारल्या, दुसरा डाव मांडला. एकोणतीस-एकोणसत्तर. तिसऱ्या डावात त्यांनी प्रत्येक चिंचोका बोटानं मोजून पेरला, घाम आला, आणि तरीही त्यांची कणगी तिशीला पोचली नाही. ‘हरलास रे!’ यंत्र खिदळलं. ‘जा, दात घासून ये, मग बघू.’

आज सबंध वर्गापुढे आपल्याला जिंकू दिलं गेलं होतं. जांभई देताना. एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं, हात न लावता, त्याच्या लक्षात येणार नाही असं. आणि वर आपण तिला मठ्ठ म्हणालो, आणि ती म्हणाली, होय, पाक.

शेऱ्याची जागा त्यांनी कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी वेनिंगला गाठलं. ती पायरीवर बसून केळीच्या पानातला भात खात होती, लगबगीनं उठली.

"बस, नडुक, बस. तुझा खेळ उघडून पाहिला मी." नडुक, म्हणजे पोरी.

ती अर्धवट बसलेली तशीच राहिली.

"चाळिशीच्या वरच्यांना जिंकवतेस होय?"

"जिंकवत नाही, पाक." ती पानाची घडी करू लागली. "फक्त हरवत नाही."

"का?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य पूर्वेला का उगवतो हे गुरुजींनाच सांगावं लागतंय. "म्बाहना आता नीट दिसत नाही. चिंचोके चाचपून मोजतात. मी लवकर जिंकले तर म्हणतात, मला भूक नाही. हळूच हरले की दोनदा भात घेतात. मग यंत्राला पण तसंच शिकवलं. ते तर वयानं माझ्याहूनही लहान आहे."

"उद्या पाक कुंतारा येतायत. सत्तावन्न वर्षांचे आहेत. तुझं यंत्र त्यांच्यापुढे मठ्ठ ठरणार आणि तुझं पत्र जाणार रंग्गाच्या भावाला. तो ठोकळा काढून टाक. आज, आत्ता."

वेनिंग पानाच्या घडीकडे बघत म्हणाली, "मग पाहुणे हरतील ना, पाक. पहिल्यांदाच येतायत, सगळ्यांसमोर."

"हरू दे! खेळात माणूस हरतो!"

"तुम्ही हरवता त्यांना?"

"काय?"

"ऑगस्टात. टेबल टेनिसला." ती अगदी सरळपणे विचारत होती, तेच वाईट होतं. "आमच्या वर्गाला ठाऊक आहे, पाक. पाक यूधाला तुम्ही एकवीस-चारनं हरवता. आणि पाक कुंतारा आले की तुमचा चेंडू जाळीतच जातो."

अकरा वर्षं दर स्वातंत्र्यदिनाला पाक मार्सुदी त्या माणसाकडून हरत होते. ते हरत, बू राहायूंचे यजमान हरत, पोलीस ठाण्याचा फौजदार हरत असे, आणि पाक कुंतारा सबंध जिल्ह्याला सांगत फिरत की आपली फिरकी कुणाला झेपत नाही. त्याबद्दल पाक मार्सुदींना त्यांची इतकी कीव वाटे, की स्वतःबद्दल काही वाटायला जागाच उरली नव्हती.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"होय, पाक," वेनिंग म्हणाली.

शनिवारी पाक कुंतारा पाऊण तास उशिरा आले. रेशमी बाटिकचा शर्ट, पोटाशी जरा ताणलेला, आणि मागे नाश्त्याच्या खोक्यातला चिकट भाताचा मुटका संपवत चालणारे दोन सहायक. मांजर पाहून ते म्हणाले, "वा!" अवकाशयान पाहून म्हणाले, "वा, वा!" स्फोटांचा आवाज वाढवायला सांगितला, रंग्गाच्या खांद्यावर थाप मारली, आणि त्याच्या भावाचं दुकान कुठेशी आहे याची चौकशी केली.

मग ते दाकोनपुढे बसले. सत्तावन्न लिहिलं. यंत्र वाकलं, पायधूळ वगैरे म्हणालं. पाक कुंतारांनी मान डोलावली, हा आपला हक्कच आहे अशी. एकसष्ट-सदतीस जिंकले. जिंकताना प्रत्येक चिंचोक्यामागे मागे वळून सहायकांकडे पाहत होते, आणि सहायक दर वेळी आश्चर्यचकित होत होते.

"गोड आहे," ते उठत म्हणाले. "आपली संस्कृती, संस्कार, सगळं छान. पण यंत्राला अक्कल कमी, नडुक. मी लहानपणानंतर आज खेळलो, तरी त्याला काही जमेना. बू राहायू, मला वाटतं ते यान—"

वेनिंग भिंतीशी उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. हात मात्र परकराच्या चुणीला धरून होते. वखारीत पानं निवडणाऱ्या बायकांचे हात पाक मार्सुदींना माहीत होते. तंबाखूच्या चिकानं काळे पडतात, मग साबणानं निघत नाहीत.

"पाक," ते पुढे होत म्हणाले, "आपली परवानगी असेल तर मी एक डाव खेळू? आपला खेळ पाहून राहवेना."

"खेळा की! बघू, कॉम्प्युटरचे मास्तर काय दिवे लावतात."

ते बसले. नाव लिहिलं. आणि सगळ्यांना दिसेल असं, वयापुढे तेरा.

"अहो पाक, वय चुकलं!" पाक यूधा पुढे सरसावला.

"राहू दे. खेळायला बसलं की माणूस लहानच असतो."

‘आलास? बस की!’ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली. ‘रडायचं नाही हां.’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाक मार्सुदी मन लावून खेळले. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच त्यांनी मुलांपुढे काही मन लावून केलं आणि ते जमलं नाही. यंत्र एका हातात नऊ-नऊ चिंचोके नेत होतं, फिरून फिरून कणगीवर येत होतं. एकेक शेत ओस पडत गेलं. आधी हसू दाबलेलं होतं, मग मोकळं झालं, मग मांजरवाली एकोणतीस पोरं बाकांवर हात आपटायला लागली. चोवीस-चौऱ्याहत्तर. ‘हरलास रे! जा, दात घासून ये, मग बघू.’

हशानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सर्वांत मोठ्यानं हसत होते पाक कुंतारा. डोळे पुसत त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले, मग जरा थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"म्हणजे हे यंत्र तुम्हाला असं लोळवतं?"

"दर वेळी, पाक. काल-परवा तीनदा."

"आणि मी त्याला एकसष्ट-सदतीसनं!" ते सहायकांकडे वळले. "ऐकलंत? कॉम्प्युटरच्या मास्तरांना चौऱ्याहत्तरनं लोळवणारं यंत्र! लिहून घ्या आकडे. अहो, हे साधंसुधं काम नाही. बू राहायू, पत्र आणा ते. कुठे आहे ती पोर?"

शिक्का उमटला. जांभळा, जरा तिरका. वेनिंगनं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, वाकली, आणि सरळ होताना एकदाच पाक मार्सुदींकडे पाहिलं. ते बघणं ‘होय, पाक’सारखं नव्हतं, त्यात दार उघडं होतं. मग तिनं पुन्हा खाली पाहिलं. पाक यूधा पडद्याकडे, तिथल्या तेरा या आकड्याकडे टक लावून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. काहीतरी त्याच्याही डोक्यात पेरलं जात होतं, उशिरा का होईना.

निघताना गाडीच्या दारात पाक कुंतारांनी पाक मार्सुदींच्या पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका. शिकवणं वेगळं, बुद्धी वेगळी. अधूनमधून त्या पोरीकडूनच चार धडे घ्या."

"होय, पाक," पाक मार्सुदी म्हणाले.

"आणि ऑगस्टात या. टेबल टेनिसला. निदान तिथे तरी हात सुधारा!"

"होय, पाक."

गाडी उताराला लागली. पायरीवर वेनिंग पिशवीत बूट भरत होती, पत्र घडी न पडता वर ठेवता यावं म्हणून पुन्हा पुन्हा लावून बघत होती. पाक मार्सुदी तिच्याजवळ येऊन थांबले.

"तो जर-तरचा ठोकळा," ते म्हणाले. "चाळिशीचा. तो काढू नकोस."

"होय, पाक."

"फक्त शिक्षक असेल तर... वय काहीही असो..." त्यांनी शोधलं, पण वाक्य पुरं झालं नाही.

वेनिंगनं जरा विचार केला. "हरवायचा वेगळा ठोकळा लावावा लागेल, पाक," ती म्हणाली. "सोमवारी लावते. तुम्ही बाजूला बसा, मी दाखवते."